जुनं ग्राफिक्स कार्ड घेताय? डेस्कटॉपचा नंबर आणि लॅपटॉपचा नंबर वेगवेगळा वाचायला शिका

भाच्याचा मेसेज आला, "मामा, दोन ऑप्शन आहेत, कुठला घेऊ ते पटकन सांग", आणि खाली दोन फोटो. एक सेकंडहँड लॅपटॉप, विकणाऱ्याने लिहिलेलं 'जीटीएक्स ९६०, ४ जीबी'. दुसरा ऑफिसमधून निघालेला डेस्कटॉप, त्यात पण जीटीएक्स ९६०च, फक्त २ जीबीचं. भाव जवळपास सारखा. पोराचा जीव लॅपटॉपवर जडलेला, कारण नंबर तोच, मेमरी डबल, आणि वर बॅगेत टाकून कॉलेजला नेता येतो. मी म्हटलं थांब जरा, विकणाऱ्याकडून डिव्हाइस मॅनेजरचा फोटो मागव. फोटो आला त्यात नाव होतं ९६०एम.

त्या एका 'एम'मध्ये सगळं आलं. डेस्कटॉपचं जीटीएक्स ९६० जानेवारी २०१५ मध्ये आलं, जीएम२०६ चिप, १०२४ कोर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग), मेमरीचा वेग सेकंदाला ११२ जीबी, वीज १२० वॅट. ९६०एमच्या आत जीएम१०७ ही वेगळी आणि लहान चिप आहे, ६४० कोर, मेमरीचा वेग ८० जीबी. हीच जीएम१०७ चिप २०१४ च्या डेस्कटॉप जीटीएक्स ७५० टीआयमध्ये होती, तिथेही ६४०च कोर. म्हणजे ९६०एम हा खरं तर लॅपटॉपमधला ७५० टीआय आहे, ९६० चा तो कुणी लागत नाही. आणि ४ जीबीचं म्हणाल तर टाकी मोठी पण नळ बारीक असली गत, एवढ्या कोरना ती ४ जीबी नीट वापरताही येत नाही.

अशी फसगत फार जणांची होते, आणि होते ती बहुतेक पहिलाच कॉम्प्युटर घेणाऱ्या पोरांची, ज्यांच्या घरच्यांनी कसेबसे २५-३० हजार बाजूला काढलेले असतात. म्हणून भाच्याला जे फोनवर तासभर सांगितलं तेच इथे क्रमाने लिहितोय, एक वही घ्या आणि सोबत लिहीत जा.

पहिलं काम: कार्डाचं पूर्ण नाव काढा

जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका आणि लॅपटॉपवरच्या स्टिकरवर तर नाहीच नाही. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडून फोटो मागवा. मशीन समोर असेल तर टेकपॉवरअपचं जीपीयू-झेड हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, इन्स्टॉलही करावं लागत नाही. त्यात चिपचं नाव, कोरची संख्या, मेमरीचा प्रकार, बस (मेमरीपर्यंतचा रस्ता) किती बिटची, बँडविड्थ म्हणजे मेमरीचा वेग, सगळं एका खिडकीत दिसतं. जीपीयू-झेडमध्ये 'शेडर्स' म्हणून जो आकडा असतो तोच कोरचा आकडा.

एवढं कशासाठी, तर एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळी कार्डं विकली गेलीत. (पुढे येणारी फर्मी, केप्लर, मॅक्सवेल, पास्कल ही एनव्हिडियाच्या चिपच्या पिढ्यांची नावं, जुनीकडून नवीकडे.) जीटीएक्स ८६०एम घ्या, एकात मॅक्सवेलची ६४० कोरची चिप, दुसऱ्यात केप्लरची ११५२ कोरची, नाव एकच. जीटी ७३० मध्ये तर एक फर्मीचं ९६ कोरचं निघतं आणि एक केप्लरचं ३८४ कोरचं. जीटीएक्स १०६० चं ३ जीबी आणि ६ जीबी यात फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ३ जीबीवाल्यात कोरसुद्धा ११५२च आहेत, ६ जीबीवाल्यात १२८०. आरएक्स ५८० खरं असेल तर २३०४ शेडर दिसले पाहिजेत, २०४८ दिसले तर ते प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या ताकदीचं आहे, तसलं कार्ड ५८० च्या नावाने भरपूर फिरतंय, तेव्हा भाव पण ५७० चाच द्या.

लॅपटॉपमध्ये एमएक्स सिरीज दिसली तर अजून जपून. एमएक्स१३० हा जुन्या ९४०एमएक्सचाच मॅक्सवेल माल आहे. एमएक्स१५०, २५० आणि ३३० हे तिन्ही एकाच पास्कल चिपवर ३८४ कोरचे, नंबर वाढला म्हणून कार्ड फार वाढलं असं नाही. त्यातही एमएक्स१५० च्या दोन जाती, एक २५ वॅटची आणि एक १० वॅटची, आणि १० वॅटची बरीच मागे पडते. ही ओळखायची कशी, तर जीपीयू-झेडमधला डिव्हाइस आयडी बघायचा, शेवट १डी१० असेल तर २५ वॅटवाली, १डी१२ असेल तर १० वॅटवाली.

दुसरं काम: वहीत पाच रकाने

प्रत्येक कार्डासाठी चिप, कोर, मेमरीचा वेग, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), वॅट एवढं लिहा. समोर मशीन नसेल तर टेकपॉवरअपच्याच जीपीयू डेटाबेसमध्ये पूर्ण नाव टाकून हे मिळतं.

मेमरीचा वेग स्वतः काढता येतो, आणि एकदा काढून बघाच, कारण त्याने फार गोष्टी उघड होतात. बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा डेटा रेट. जीटीएक्स १०६० ६ जीबी, १९२ बिट, ८ चा रेट, म्हणजे २४ गुणिले ८, झाले १९२ जीबी प्रति सेकंद. १०५० टीआय, १२८ बिट आणि ७ चा रेट, म्हणजे ११२. आता जीटी १०३० बघा. जीडीडीआर५ वालं ६४ बिट आणि ६ चा रेट, म्हणजे ४८ जीबी. त्याच नावाचं डीडीआर४ वालं २०१८ मध्ये आलं, त्यात तोच आकडा १६.८ वर येतो, जवळपास एक तृतीयांश! खोक्यावर दोन्हीकडे 'जीटी १०३० २ जीबी'च लिहिलेलं. माझ्या ओळखीत दोघांनी डीडीआर४ वालं घेतलंय आणि दोघंही ड्रायव्हर खराब आहे म्हणून आठवडाभर डोकं लावत बसले होते.

एक महत्त्वाचं, कोरची तुलना फक्त एकाच घराण्यात करायची. १०५० टीआयचे ७६८ आणि १०६० चे १२८० हे शेजारी ठेवून बघता येतं, दोन्ही पास्कल. पण एनव्हिडियाचे (जीटीएक्सवाले) १२८० आणि एएमडीचे (आरएक्सवाले) २३०४ असे समोरासमोर ठेवाल तर गफलत होते, कारण १०६० आणि आरएक्स ५८० गेममध्ये साधारण बरोबरीने चालतात. टेराफ्लॉपचंही (सेकंदाला किती हिशोब होतात तो आकडा) तेच, एएमडीच्या वेगा ६४ चे कागदावर साडेबारा टेराफ्लॉप, जीटीएक्स १०८० चे नऊच्या आत, आणि गेममध्ये दोघं शेजारी शेजारी.

तिसरं काम: नावाचा काळ बघा

हे नीट समजून घेतलं की निम्मी जाहिरात वाचताक्षणी कळते. २०१५ पर्यंत एनव्हिडियाच्या लॅपटॉप कार्डाला मागे 'एम' असायचा, आणि 'एम' म्हणजे डेस्कटॉपच्या त्याच नंबरापेक्षा लहान कार्ड, कधी थोडं लहान तर कधी पार वेगळी चिप. ९७०एममध्ये १२८० कोर, डेस्कटॉप ९७० मध्ये १६६४.

२०१६ मध्ये पास्कल आलं आणि 'एम' गेला, आणि त्या वेळी ते खरंच कार्डाला शोभत होतं. लॅपटॉपच्या १०६० मध्येही १२८०च कोर, तीच चिप, फक्त १२० वॅटच्या जागी ८० च्या आसपास, त्यामुळे घड्याळ (चिप किती मेगाहर्ट्झवर धावते तो आकडा) थोडं कमी आणि फरक थोडाच. लॅपटॉपच्या १०७० मध्ये तर डेस्कटॉपपेक्षा जास्त कोर आहेत, २०४८ विरुद्ध १९२०. म्हणून जुना गेमिंग लॅपटॉप घ्यायचाच असेल तर मी आजही लोकांना या पिढीपासून पुढे बघा म्हणतो, नंबर आणि काम यांचा सगळ्यात जास्त मेळ इथेच बसतो.

पण मग २०१७ मध्ये मॅक्स-क्यू आलं. पातळ लॅपटॉपसाठी तीच चिप कमी विजेवर चालवायची. जीटीएक्स १६५० लॅपटॉपला ५० वॅट, त्याच्या मॅक्स-क्यूला ३५. निदान नावात तरी मॅक्स-क्यू लिहिलेलं असायचं. आरटीएक्स ३० सिरीजमध्ये तेही लिहिणं बंधनकारक राहिलं नाही, आणि आता त्या पिढीचे लॅपटॉप सेकंडहँडमध्ये यायला लागलेत म्हणून हे जरूर वाचा. लॅपटॉपचं आरटीएक्स ३०६० हे ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही असू शकतं. ते ६ जीबीचं, तर डेस्कटॉपचं मूळ ३०६० १२ जीबीचं. लॅपटॉप ३०५० मध्ये २०४८ कोर आणि ४ जीबी, डेस्कटॉप ३०५० मध्ये २५६० आणि ८ जीबी. आणि लॅपटॉप ३०८० मध्ये जी चिप आहे ती डेस्कटॉपच्या ३०७० ची, कोर ६१४४, डेस्कटॉप ३०८० चे ८७०४. वॅट बघायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, ३० सिरीजच्या लॅपटॉपमध्ये 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' म्हणून आकडा दिसतो. विकणाऱ्याकडून तो फोटो मागायला अजिबात संकोच करू नका.

चौथं काम: प्रत्यक्ष धाववून बघा

कागद इथपर्यंत. बेंचमार्कचे, म्हणजे कार्डाची परीक्षा घेणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे बघताना त्यातल्या थ्रीडीमार्कचा एकूण स्कोअर सोडा, त्यात प्रोसेसर मिसळलेला असतो, फक्त 'ग्राफिक्स स्कोअर' बघा. थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय चाचणीत १०६० ६ जीबीचा ग्राफिक्स स्कोअर ४२०० च्या आसपास येतो, १०५० टीआयचा २३०० च्या आसपास, हे दोन आकडे डोक्यात ठेवले की बाकीची कार्डं मध्ये कुठे बसतात ते कळतं. फार जुन्या कार्डांना त्यातलीच फायर स्ट्राइक चाचणी बरी. यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ बघताना प्रोसेसर कुठला, रिझोल्यूशन काय, सेटिंग काय हे खाली लिहिलंय का ते बघा, नसेल लिहिलं तर तो व्हिडिओ सोडून द्या.

लॅपटॉपला मात्र एका रनवर पास करायचं नाही. अकोल्यातला माझा एक मित्र, त्याचा १०६० चा लॅपटॉप "आधी चांगला चालायचा, आता अडकतो" म्हणून त्याने बोलावलं. मे महिना, बाहेर ४४-४५ अंश, खोलीत कूलर चालू. एका बाजूला तापमान आणि घड्याळ दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावलं आणि बेंचमार्क फिरवत ठेवला. पहिल्या मिनिटाला घड्याळ १६७० मेगाहर्ट्झ, म्हणजे कार्ड ठणठणीत. चौथ्या मिनिटाला १५००. दहाव्या मिनिटाला तापमान ८८ आणि घड्याळ १२९०, पंखे नुसते किंचाळतायत आणि फ्रेम पडतायत. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीची अख्खी गादी, करड्या रंगाची, चिमटीत धरून एकसंध सोलून निघाली. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली. साफ करून नवी पेस्ट लावली, तीच खोली, तोच कूलर, दहाव्या मिनिटाला ७८ अंश आणि १५८०. कार्ड तेच, आणि स्पीड पाव भाग कुठे गेला होता ते डोळ्यांनी दिसलं. म्हणून विकत घेताना १५-२० मिनिटं सलग लोड द्या आणि पहिल्या मिनिटाचा नाही, शेवटच्या मिनिटाचा आकडा वहीत लिहा.

त्याच वेळी चार्जर मूळचाच आहे का बघा. गेमिंग लॅपटॉपला १२०, १३५, १८० वॅटचे अडॅप्टर असतात, आणि विकताना कोणीतरी ६५ वॅटचा देऊन टाकतो, मग लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज कापतो. चाचणी बॅटरीवर करू नका. आणि रॅमची एकच काडी असेल तर दुसरी टाकल्यावर फ्रेममध्ये बराच फरक पडतो, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तर खूपच, कारण तिची सगळी मेमरी हीच.

पाचवं काम: डेस्कटॉप असेल तर डब्यात बसतंय का

स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून अजून ७५, ८ पिनमधून १५०. १०५० टीआय आणि साधं १६५० हे ७५ वॅटचे, बऱ्याच मॉडेलना वेगळी वायरच लागत नाही, म्हणून ऑफिसच्या मशीनमध्ये तेच टाकतात. १०६० ला ६ पिन लागते, आरएक्स ५८० तर १८५ वॅटचं आहे. ऑफिसच्या ब्रँडेड डब्यांमध्ये पॉवर सप्लाय वेगळ्याच आकाराचा आणि वेगळ्याच प्लगचा असतो, बाजारातला बसत नाही, हे आधी झाकण उघडून बघा. डबा बारीक असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागतं, तिथे क्वाड्रो पी१००० हा छान पर्याय आहे, ६४० कोर, ४ जीबी, फक्त ४७ वॅट, ऑफिसमधून निघालेली मिळतात.

आरएक्स ६५०० एक्सटी नवीन आहे म्हणून जुन्या बोर्डात टाकू नका. ते पीसीआय चौथ्या पिढीच्या चारच लेन वापरतं, तिसऱ्या पिढीच्या बोर्डात तोच रस्ता अर्धा होतो आणि व्हीरॅम भरली की कार्ड गुदमरतं.

आणि आपल्याकडे लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर तरून जातो, डेस्कटॉपला यूपीएस धरा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, १०६० वाल्या मशीनला सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरतो.

सहावं काम: तुमचं काम काय आणि कार्डाचं वय काय

केप्लरची कार्डं, म्हणजे ६०० आणि ७०० सिरीजमधली बहुतेक, त्यांना २०२१ नंतर नवीन गेम ड्रायव्हर नाहीत. मॅक्सवेल आणि पास्कलला शेवटचा गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ चा, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. म्हणजे १०६० उद्या बंद पडणार नाही, पण अगदी नव्या गेमची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका, रे ट्रेसिंग किंवा मेश शेडर मागणारे गेम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी डिकोडर (चिपमधला व्हिडिओ उघडणारा भाग) बघा. मोबाइलचे एचईव्हीसी या प्रकारात साठवलेले व्हिडिओ डेस्कटॉप ९६० ची चिप पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उघडते, ९६०एमची चिप नाही. नंबर तोच, पण टाइमलाइनवर एक गुळगुळीत आणि एक अडखळत.

आता भाच्याचा विषय, कारण त्याला गेमपेक्षा ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर जास्त महत्त्वाचं. गेमसाठी मी डोळे झाकून आरएक्स ५८० म्हटलं असतं, ८ जीबी मिळतं. पण एएमडीची कार्डं ज्यावर रेंडर करायची ते ओपनसीएल ब्लेंडरने ३.० पासून काढून टाकलं, आणि एएमडीसाठी जे हिप आणलं त्यात ५८० ची पोलारिस पिढी बसत नाही, म्हणजे सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनचा रेंडर सगळा प्रोसेसरवर येतो. गेममध्ये बरोबरीचं असलेलं १०६० मात्र एनव्हिडियाच्या स्वतःच्या कुडावर रेंडर करतं. एकाच भावाची दोन कार्डं, एक त्याच्या कामाचं आणि एक नाही, हे कुठल्याही स्कोअरच्या तक्त्यात दिसलं नसतं.

सातवं काम: पैसे देण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ओएलएक्सवरून, चालू मशीनमध्ये लावून दाखवा म्हणायचं. १०५० टीआयच्या नावाने फर्मीची जुनी कार्डं बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विकतात, जीपीयू-झेडचं नवं व्हर्जन असेल तर नावापुढे चक्क 'फेक' असं दाखवतं. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं तेव्हा ५७०, ५८०, १०६० चे ढीग बाजारात आले, त्यातली बरीच अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड आहे म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण बायोस मूळचा आहे का विचारा, पंखे हाताने हळू फिरवून खडखड येते का बघा, फरमार्क किंवा कुठलाही जड बेंचमार्क २० मिनिटं चालवा आणि स्क्रीनवर ठिपके, चौकोन, रेषा येतात का ते नीट बघा. मेमरी खराब असेल तर बऱ्याचदा ती गरम झाल्यावरच दिसते. सगळे पोर्ट लावून बघा, एचडीएमआय एकच लावून निघून येऊ नका.

लॅपटॉपला एक प्रश्न सरळ विचारायचा, चिपचं दुरुस्तीचं काम झालंय का. कार्ड मदरबोर्डला सोल्डर केलेलं असतं, गेलं की जवळपास बोर्डच गेला. काही ठिकाणी मेलेली चिप गरम करून जागी करतात आणि ती चार-सहा आठवडे चालते, तेवढ्यात मशीन विकलं जातं. चिपभोवती वितळलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो चिकट पदार्थ), काळपट डाग, झाकणाच्या स्क्रूची डोकी झिजलेली, यातलं काही दिसलं तर सरळ उठून या.

भाच्याने शेवटी आठव्या पिढीच्या आय५ चा डेस्कटॉप घेतला, म्हणजे विंडोज ११ पण नीट चालतं, आणि त्यात १०६० ६ जीबी वेगळं घेऊन टाकलं. विकणाऱ्याच्या घरी २० मिनिटांची चाचणी त्याने एकट्याने घेतली, विसाव्या मिनिटाला ७१ अंश आणि घड्याळ १८०० च्या वर, तो फोटो मला पाठवला. जे पैसे उरले त्यात मी त्याला आधी नवा पॉवर सप्लाय घ्यायला लावला आणि मग रॅमची दुसरी काडी.